मंडळीत शांती आहे का?

दोनशे वर्षांत त्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर कुणी दिलं नव्हतं, आणि दिलं ते माझ्या आईनं. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले, हातात शवपेट्यांच्या दुकानाची जाहिरात छापलेला पुठ्ठ्याचा पंखा. ती उभीसुद्धा राहिली नाही. बसल्या बसल्या, पंख्याचा वारा घेत म्हणाली.

जूनचा पहिला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रभुभोजन आणि पाय धुण्याचा विधी. तो आमच्या डोंगरातल्या जुन्या बॅप्टिस्ट मंडळीत वर्षातून एकदाच होतो आणि त्यासाठी ओहायो, मिशिगन, जिथे जिथे म्हणून आमच्या स्टर्जिल घराण्यातले लोक पोटामागे गेले तिथून तिथून गाड्या भरून परत येतात. आदल्या दिवशी बैठक. बैठकीत मंडळीच्या प्रमुखानं, बंधू कॉय मेडोजनं, पुढे उभं राहून विचारायचं, "मंडळीत शांती आहे का?" आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. गप्प बसलं की शांती आहे. ज्याच्याबद्दल मनात अढी आहे त्याचे पाय कसे धुणार, म्हणून हा प्रश्न. एकानं जरी नाही म्हटलं तरी ते मिटेपर्यंत प्रभुभोजन नाही. पण असं कधी झालंच नव्हतं. दोन्ही महायुद्धांत विधी झाला, ओढ्याला पूर येऊन चर्चचा अर्धा भाग वाहून गेला त्या वर्षी गोठ्यात झाला, पण झाला.

त्यामुळे बंधू कॉय उत्तराची वाट न बघताच पुढे निघाला होता.

"मंडळीत शांती आहे असं समजून आपण आता..."

"नाही म्हटलं मी," आई म्हणाली. "ऐकू आलं नसेल तर पुढच्या बाकावर येऊन सांगते."

बाहेर टेबलांवर कुणीतरी भांड्याचं झाकण ठेवलं ते चर्चच्या आत ऐकू आलं. मी आईच्या शेजारी बसले होते. मी तीस वर्षं शाळेची बस चालवतेय, भांडण सुरू होण्याआधीची हवा मला लगेच ओळखू येते. आणि ही हवा तीच होती.

बंधू कॉयनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाशी तंटा आहे, भगिनी ओझेला?"

"माझ्या भावाशी. वर्लिनशी."

सगळ्या माना पुरुषांच्या बाजूला वळल्या. वर्लिनमामा तिसऱ्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. वय चौऱ्याहत्तर, मान काटक, कान मोठे. आईचा धाकटा भाऊ. तो आईकडे बघत नव्हता, टोपीकडे बघत होता, आणि त्यावरूनच मला कळलं की त्याला कारण माहीत आहे.

कारण सगळ्या हॅडन काउंटीला, म्हणजे आमच्या जिल्ह्याला, माहीत होतं. मामा बावीस वर्षं काउंटीच्या सभेवर निवडून येतोय आणि बावीस वर्षं एकच काम करतोय, नाही म्हणायचं. कर वाढवायचा म्हटलं की नाही. घराभोवतीचं कुंपण किती उंच असावं याचा नियम करायचा म्हटलं की नाही. माणसानं आपल्या अंगणात काय जाळावं, दारात कुठली गाडी ठेवावी हे सभेनं सांगायचं म्हटलं की मामा हात वर करायचा आणि म्हणायचा, ते त्याचं त्याला ठरवू द्या. लोकांना तो आवडायचा. आम्ही सगळे तसेच आहोत. डोंगरातल्या माणसाला सरकार लांबूनच बरं वाटतं.

आणि आता सोमवारी सभेपुढे ठराव येणार होता, काउंटीनं स्वतःचा अधिकृत पाळक, म्हणजे धर्मगुरू, नेमावा. सभेची सुरुवात त्यानं प्रार्थनेनं करायची, तुरुंगातल्या कैद्यांची, पोलिसांची, कचेरीतल्या लोकांची आत्मिक काळजी घ्यायची. अध्यक्ष सोडून नऊ सभासद. चार जण बाजूनं, चार जण विरुद्ध. नववा मामा. आणि पाळक म्हणून ज्याचं नाव पुढे होतं तो ड्वाइट स्टर्जिल, मामाचा एकुलता एक मुलगा.

गुरुवारी पशुखाद्याच्या दुकानात मामानं जाहीर केलं की मुलाचा मामला आहे, म्हणून मी मत देणार नाही. वर वर बघितलं तर सभ्यपणाच. पण मतं सारखी पडली की निकाल अध्यक्षाच्या हातात, आणि अध्यक्ष रॉइस टॅकेटचा हात तर ठराव लिहायच्या आधीपासून वर होता. म्हणजे मामाचं गप्प बसणं म्हणजे होच. बावीस वर्षं नको तिथे नाही म्हणणारा माणूस, नाही म्हणायची वेळ आल्यावर तोंडाला कुलूप लावून बसला, असं आईचं म्हणणं.

"नियम तुम्हाला दोघांना माहीत आहे," बंधू कॉय म्हणाला. "बाहेर जा, एकमेकांशी बोला. मंडळी थांबेल."

"जेवण?" मागून कुणीतरी विचारलं. मिशिगनवाला चुलतभाऊ असणार.

"जेवणही थांबेल."

---

बाहेर अक्रोडाच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडलेली होती. सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक, मक्याचा पाव, घेवड्याची आमटी, आणि मी पहाटे उठून केलेलं कोंबडीचं कालवण. ड्वाइट आणि त्याची बायको ट्वायला तिथेच माश्या हाकलत उभे होते. ड्वाइट आता आमच्या मंडळीचा सभासद नाही, त्यामुळे बैठकीत बसायचा त्याला हक्क नाही. आत काय झालं ते त्याला खिडकीतून कळलंच होतं.

ड्वाइटबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याचा स्वभाव मामासारखाच आहे, फक्त त्याला शिक्षण जास्त मिळालं. बारा वर्षांपूर्वी तो पाळक व्हायचं शिकून आला आणि गावातल्या मोठ्या चर्चमध्ये गेला, जिथे पडद्यावर गाण्याचे शब्द येतात आणि गिटार वाजते. जाताना मामाला सगळ्यांसमोर म्हणाला, तुमची मंडळी म्हणजे संग्रहालय आहे. मामा म्हणाला, मग तिकीट काढून ये. एवढ्या दोन वाक्यांवर बापलेक अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. गेल्या वर्षी इना मामी गेली तेव्हा ड्वाइट मयताला आला आणि मग दर रविवारी संध्याकाळी बापाच्या स्वयंपाकघरात येऊन जेवायला लागला. मामा त्या रविवारसाठी शुक्रवारपासून भांडी घासायचा. हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून मामाचं कुलूप मला कळत होतं. आईलाही कळत होतं, पण तिला ते चालत नव्हतं.

ट्वायलानं मला नंतर सांगितलं की त्या सकाळी ड्वाइट इतका आनंदात होता की तिला त्याच्याकडे बघतच राहावंसं वाटत होतं. त्याआधीच्या एका वर्षात त्यानं अकरा पोरांचे अंत्यविधी केले होते. सगळी वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनानं गेलेली. अकराव्या अंत्यविधीनंतर तो घरी येऊन बुटांसकट पलंगावर पडला आणि म्हणाला, मी नेहमी शेवटी पोचतो. आता त्याला आधी पोचायचं होतं. तुरुंगात, कोर्टात, रात्रीच्या पोलीसगाडीत. काउंटीचा माणूस झालो की कुठलंही दार उघडेल, असं तो तिला दहा वेळा सांगत होता. तिलाही ते पटलेलं होतं.

मामा खाली मान घालून झऱ्याच्या बाजूला चालू लागला. आई मात्र थेट टेबलाकडे आली. तिच्यामागे मी. आईनं पर्समधून ठरावाचा घडी घातलेला कागद काढला, सफरचंदाच्या केकशेजारी पसरला आणि बोट ठेवलं.

"हे कलम कुणी लिहिलं?"

ड्वाइटनं वाकून बघितलं. मला ते कलम पाठ झालंय. तुरुंगात किंवा न्यायालयाच्या आवारात प्रवचन वा प्रार्थना करू इच्छिणाऱ्या कुणाही व्यक्तीनं काउंटी-पाळकाचं लेखी अनुमतिपत्र घ्यावं.

"मीच लिहिलं," ड्वाइट म्हणाला. "आणि त्याला कारण आहे, आत्या."

कारण होतं. हिवाळ्यात कुणी एक स्वयंघोषित उपदेशक तुरुंगात आला होता आणि एकोणीस वर्षांच्या एका मुलीला, गोळ्या सुटाव्यात म्हणून औषध चालू असलेल्या मुलीला, त्यानं सांगितलं की औषध टाक, देव बरं करेल. तिनं टाकलं. तिसऱ्या दिवशी ती बेशुद्ध सापडली. वाचली, पण थोडक्यात. तो माणूस कोण, कुठल्या मंडळीचा, कुणीच विचारलं नव्हतं. ड्वाइट हे सांगताना रडकुंडीला आला होता आणि ऐकताना मीही आले.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी नऊ वर्षं दर गुरुवारी बायकांच्या कोठडीत गाणी म्हणायला जाते. आता मला तुझं पत्र लागेल."

"तुला मी आत्ताच्या आत्ता देतो."

"तेच तर. देतो म्हणतोस."

ड्वाइटला कळलं नाही. मला कळलं. आमच्या घरात चालायला लागलेल्या पोराला आधी ओबेडची गोष्ट सांगतात, मग बाकीचं. ओबेड स्टर्जिल, आमचा पूर्वज, इंग्लंडच्या राजाच्या काळात व्हर्जिनियात परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून तुरुंगात गेलेला. गजांतून बाहेर उभ्या लोकांना उपदेश करणारा. पाठीवर चाबकाचे वळ घेऊन डोंगर ओलांडून इकडे आलेला.

"ओबेडला पण देत होते पत्र," आई म्हणाली. "विसरलास? न्यायाधीशानं कागद पुढे केला होता. परवाना घे, सही कर, आणि घरी जा. बायको बाळंत व्हायची होती. पाच महिने आत बसला तो, पण कागद घेतला नाही. का नाही घेतला, सांग बघू."

लहानपणी हा प्रश्न ड्वाइटला पन्नास वेळा विचारला गेला असेल. उत्तर त्याला झोपेतही आलं असतं.

"घेतला तर तो द्यायचा अधिकार त्यांना आहे हे कबूल केल्यासारखं होईल म्हणून," तो हळूच म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. त्यानं परत एकदा कलम वाचलं. इतका हुशार मुलगा, ओबेडच्या गोष्टीवर वाढलेला, आणि स्वतःच्या हातानं परवाना लिहून बसला होता. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटतं, परवाना आपण देणार असलो की तो परवान्यासारखा दिसतच नाही.

पण तो स्टर्जिल होता, इतक्यात कसा हरेल. म्हणाला, ते राजाचं सरकार होतं, इथे सगळे आपलेच आहेत, सगळे विश्वासणारे आहेत, यात कुणाचं काय वाकडं होणार. कलम खुपत असेल तर कलम काढू, पद राहू दे. पलीकडच्या टेबलापाशी थांबलेले, सभासद नसलेले ओहायोवाले मान हलवायला लागले. त्यांना ते पटलं होतं, किंवा भूक लागली होती.

तेव्हा ट्वायला बोलली. ती सहसा आमच्या भांडणात पडत नाही. हातातलं फडकं पिळत तिनं विचारलं, "तुझ्यानंतर कोण?"

"म्हणजे?"

"तू काही जन्मभर पाळक राहणार नाहीस. रॉइस टॅकेटला तू आवडेनासा झालास की तो दुसरा नेमेल. उद्या त्या माणसाच्याच हातात सगळी दारं आली, जो हिवाळ्यात आला होता, तर?"

ड्वाइट तिच्याकडे बघतच राहिला. "तू पण?"

"मी कुठे काय म्हणाले," ती म्हणाली. "मी फक्त विचारलं." पण तिनं फडकं टेबलावर ठेवलं आणि ती येऊन आईच्या बाजूला उभी राहिली. दोन पावलांचं अंतर, पण सगळ्यांनी ते बघितलं.

---

झऱ्यापाशी मामा दगडावर बसला होता. मी मागे थांबले, पण ऐकू येईल एवढ्याच अंतरावर. लाज वाटायचं माझं वय राहिलेलं नाही.

आई त्याच्याशेजारी बसली. मग मामा म्हणाला, "ताई, अकरा वर्षं मी त्या फोनकडे बघत काढली. इना दर रविवारी विचारायची, आला का फोन. ती गेली तेव्हा कुठे पोरगा परत आला. आता नाही म्हटलं तर तो जाईल. मी परत अकरा वर्षं जगणार नाही."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तुझ्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते. आणि तू माझ्याशी तंटा केला असतास."

मामा हसला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

ड्वाइट उतारावरून धावतच आला. कागद त्याच्या हातात होता. त्यानं बापासमोर उभं राहून सांगितलं की कलम चुकलं, ते तो काढून टाकेल, रॉइसला आजच फोन करेल. तेवढं काढलं की हरकत कसली, तुम्ही गप्प बसा, बाकीचं मी बघतो.

मामानं त्याला एकच विचारलं. "तुला काढून टाकायचं झालं तर कोण काढणार?"

"सभा."

"म्हणजे रॉइस. उद्या एखाद्या अंत्यविधीला तू म्हणालास की पोलिसांनी या पोराला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी कोठडीत टाकलं म्हणून हा मेला. रॉइस म्हणेल, हे बोलू नकोस. तू काय करशील?"

"मी बोलेन."

"बोलशील. आणि महिन्याभरानं तुझ्या जागी न बोलणारा असेल. मग लोकांना वाटेल देव पण न बोलणाऱ्यांच्या बाजूनं आहे." मामा उठून उभा राहिला. "सरकारनं माझ्या कुंपणात नाक खुपसलेलं मला चालत नाही, ड्वाइट. माझ्या प्रार्थनेत कसं चालेल?"

मला वाटलं तो आता काहीतरी टाकून बोलेल, पण तो जे बोलला ते त्याहून वाईट होतं, कारण ते खरं होतं.

"पोरं मरतायत, बाबा. अकरा जण. आणि तुम्ही अडीचशे वर्षांपूर्वीच्या तुरुंगाचे गज धरून बसलायत."

याचं उत्तर आजही आमच्यापैकी कुणाकडे नाही.

"तुम्ही नाही म्हणालात," ड्वाइट म्हणाला, "तर मला ते विसरता येणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

मामानं मान डोलावली. टोपी डोक्यावर घातली, चर्चच्या दारात येऊन परत काढली, आणि आत शिरला. आई त्याच्यामागे, गुडघे सांभाळत. मंडळी जशीच्या तशी बसलेली होती. भुकेनं लहान मुलं रडत होती. मामा पुढे उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, सोमवारी मी मत देईन, आणि ते नाही असेल. बहिणीचं म्हणणं खरं होतं, मी भित्रेपणा केला.

"मंडळीत शांती आहे का?" बंधू कॉयनं परत विचारलं.

या वेळी तो थांबला. आम्ही सगळे गप्प बसलो. आणि त्या गप्प बसण्यात बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग खडीवरून चाकं वळल्याचा. ड्वाइट निघाला होता. मामाचा जबडा आवळला गेला, पण तोंडातून शब्द निघाला नाही. नियमानं शांती होती.

रविवारी विधी झाला. बंधू कॉयनं मामाचे पाय धुतले, मामानं बंधू कॉयचे. आईचे मी धुतले आणि तिच्या टाचांवरच्या भेगा बघून मलाच रडू आलं. संध्याकाळी मामाच्या स्वयंपाकघरात दोन ताटं मांडलेली होती. मी डोकावले तेव्हा मामा एका ताटातलं संपवून दुसऱ्याकडे बघत बसला होता.

---

सोमवारी दहाला कोर्टाच्या इमारतीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या चर्चचे लोक एकसारखे पिवळे सदरे घालून आले होते, त्यांच्यावर छापलेलं होतं, देवाला काउंटीत येऊ द्या. आईनं ते वाचलं आणि मोठ्यांदा विचारलं की तो बाहेर आहे का. आमची जुनी माणसं भिंतीला टेकून, टोप्या हातात धरून उभी. ट्वायला ड्वाइटशेजारी बसली होती खरी, पण दोघांच्या मध्ये तिची पर्स होती. मी तीस वर्षांत पहिल्यांदाच बस वेळेआधी डेपोत लावून पळत आले होते.

एकेक नाव घेतलं गेलं. हो. नाही. हो. हो. नाही. प्रत्येक होला पिवळे सदरे टाळ्या वाजवायचे. चार-चार झाले. रॉइस टॅकेटनं पेन खाली ठेवलं. "वर्लिन स्टर्जिल. तू मत देणार नाहीस असं ऐकलं होतं."

"मीही तसंच ऐकलं होतं," मामा म्हणाला, आणि भिंतीशी उभे होते ते हसले. "नाही."

मग त्यानं थोडंसं सांगितलं. भाषण त्याला जमत नाही. म्हणाला, मी देवाच्या विरुद्ध मत देत नाहीये. माझा विश्वास ही माझ्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि या सभेला शाळेसमोरच्या रस्त्यावरचा खड्डा तीन वर्षांत बुजवता आलेला नाही. अशा सभेच्या हातात मी ती गोष्ट कशी देऊ. माझ्या शेजाऱ्याचा विश्वास तर माझाही नाही, तो मी कुणाला देणारा कोण.

त्यावर जो गलका उठला तो मी जन्मात विसरणार नाही. कुणी नास्तिक म्हणालं, कुणी येशूला दगा देणारा यहुदा म्हणालं. ज्या माणसानं सत्तर वर्षं एक रविवार चुकवला नाही त्याला. आई उठून भांडायला निघाली होती, मी तिचा स्वेटर धरून बसले. आमची माणसंही ओरडायला लागली. ठराव पडला. रॉइसनं लाकडी हातोडा आपटून आपटून शांत केलं आणि घाईघाईनं म्हणाला, नागरिकांची वेळ, प्रत्येकी तीन मिनिटं, कुणाला बोलायचं असेल तर.

ड्वाइट उठला.

तो माइकपाशी आला तेव्हा सगळं सभागृह गप्प झालं. बापाला काय सुनावतो ते ऐकायला. तो बोलला मात्र नाही. त्यानं मान खाली घातली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हे प्रभू."

हातोडा आपटला. रॉइसचा चेहरा लाल झाला होता. त्याला मामाचा राग काढायचा होता आणि आयती संधी चालून आली होती. "माफ करा, पाळकसाहेब. तुमच्या वडिलांनीच आत्ता ठरवून दिलंय, सभेत प्रार्थना नको. खाली बसा."

"माझी तीन मिनिटं आहेत," ड्वाइट डोळे न उघडता म्हणाला. "हे प्रभू, या सभागृहात..."

रॉइसनं दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाकडे बघून मान हलवली. पोलीस तिशीतला, ड्वाइटच्याच चर्चमधला. तो दोन पावलं पुढे आला आणि अवघडून थांबला. काय करावं ते त्या बिचाऱ्याला समजेना.

"रॉइस, तो हातोडा ठेव," मामा म्हणाला.

तो उभा राहिला होता. टेबलाला वळसा घालून तो पुढे आला, अगदी पोलीस आणि मुलगा यांच्या मधोमध, आणि तिथे थांबला. मामाला इतक्या भरभर चालताना मी वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं.

"तू म्हणालास सभेत प्रार्थना नको," रॉइसचा आवाज चिरकला. "आत्ता म्हणालास."

"सभेची प्रार्थना नको म्हणालो. ही सभेची नाही, ही त्याची आहे. या तीन मिनिटांत त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर तू ऐकल्या असत्यास. प्रार्थना केली तर तीही ऐकायची. परवानगी देणं तुझ्याकडे नाही, रॉइस, आणि नाकारणंही नाही." मग पोलिसाकडे वळून म्हणाला, "तू मागे जा, बाळा. इथे कुणी गुन्हा करत नाहीये."

पोलीस मागे गेला. इतक्या आनंदानं मागे जाणारा पोलीस मी दुसरा बघितलेला नाही. आई माझा हात इतका घट्ट दाबत होती की दोन दिवस निळा होता.

ड्वाइटनं डोळे उघडले होते. बापाची पाठ त्याच्यापासून हातभर अंतरावर होती, आणि तो तिच्याकडे बघत होता. सगळे वाट बघत होते. मला वाटलं तो आता गळ्यात पडेल, माफी मागेल, मी रुमालही काढून ठेवला. पण आम्ही स्टर्जिल आहोत. त्यानं परत डोळे मिटले.

"हे प्रभू," तो म्हणाला, आणि त्याला माइकची गरजच नव्हती. "माझ्या बापानं आज चूक केली. तो हट्टी आहे, त्याचं मन फिरव. माझा त्याच्यावर राग आहे. हा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला असं मी खोटं बोलणार नाही. हा राग जाईपर्यंत माझ्या बापाला जिवंत ठेव."

आमेन म्हणावं तर कशाला म्हणावं ते पिवळ्या सदऱ्यांनाही कळत नव्हतं आणि आमच्या लोकांनाही.

मामा तिथेच उभा होता, मुलाकडे पाठ करून, मान खाली.

"आमेन," तो म्हणाला, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं.